वकिलांची फी ठरली, पण कुठपर्यंतच्या कामाची?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वडील गेल्यानंतर उमरेड रोडकडच्या वडिलोपार्जित शेतीच्या वाटणीसाठी काकांविरुद्ध दावा लावायचा आहे. वादी तिघं: आई, बहीण आणि प्रश्न विचारणारे स्वतः. ओळखीतून गाठलेल्या वकिलांनी वकीलपत्रावर तिघांच्या सह्या मागितल्या आहेत आणि त्यातल्या बऱ्याच जागा कोऱ्या आहेत. सोबत दोन पानी करार आहे. ‘खालच्या कोर्टातील कामाची’ ठोक फी ७५ हजार, निकाल बाजूने लागल्यास मिळालेल्या जमिनीच्या बाजारभावाचे दहा टक्के वेगळे, एकदा दिलेली फी कोणत्याही कारणाने परत नाही, आणि फी बाकी असेपर्यंत फाइल वकिलांकडेच राहील. वर दोन कोरे चेक. ‘ओळखीचे आहेत, विचारायला संकोच वाटतो. सही करू का?’

आहे तशी करू नका. वकील वाईट आहेत असा याचा अर्थ नाही. असे छापील करार वर्षानुवर्षं एकमेकांचे पाहून टाइप होत आलेत, आणि त्यातली काही कलमं कायद्यात टिकत नाहीत हे टाइप करून घेणाऱ्याच्याही कधीकधी ध्यानात नसतं. तुमच्या करारातली दोन कलमं तशीच आहेत. पण माझ्या मते तुमच्या करारातला सर्वात महागात पडणारा शब्द दहा टक्के हा नाही. तो आहे ‘खालच्या कोर्टातील कामाची’. त्याकडे मी सविस्तर येतो. आधी दोन कागद वेगळे करून घेऊ.

वकीलपत्र आणि फीचा करार या दोन निराळ्या गोष्टी आहेत. वकीलपत्र कोर्टासाठी असतं. ‘या माणसाला माझ्या वतीने बोलण्याचा, अर्ज देण्याचा, कागद दाखल करण्याचा अधिकार मी दिला आहे’ एवढं ते न्यायाधीशांना सांगतं. फी किती, खर्च कोणाचा, काम कुठे संपतं, यातलं त्यात काहीच नसतं. ते सगळं दुसऱ्या कागदात यायला हवं, आणि आपल्या नागपुरात बहुतेक अशिलांकडे तो दुसरा कागद नसतोच. सिव्हिल लाइन्सच्या न्यायमंदिरात रोज शेकड्यांनी वकीलपत्रं दाखल होत असतील. फीचं मात्र तोंडी ठरतं: ‘बघू साहेब, तुम्ही म्हणाल ते.’ तुमच्या वकिलांनी निदान कागद केला, ही त्यांची जमेची बाजू. तोंडी व्यवहारापेक्षा वाईट करारसुद्धा बरा, कारण त्यावर बोट ठेवून बोलता येतं.

वकीलपत्रातल्या कोऱ्या जागांना सरसकट घाबरू नका. दाव्याचा नंबर कोरा असणं स्वाभाविक आहे, दावा दाखल झाल्याशिवाय नंबर पडत नाही. पण कोर्टाचं नाव, वादी-प्रतिवादींची नावं आणि तुमच्या सहीशेजारची तारीख या जागा भरूनच सही करा. मुन्शी, म्हणजे वकिलांचा कारकून, म्हणेल, ‘करा सही, मी भरून घेतो.’ त्याला तिथेच भरायला सांगा, दोन मिनिटांचं काम आहे. सही झाल्यावर मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

छापील वकीलपत्राच्या बारीक अक्षरांत तीन अधिकार असतात, ते वाचा: तडजोड करण्याचा, दावा मागे घेण्याचा, आणि तुमच्या वतीने पैसे स्वीकारण्याचा. तडजोडीबद्दल दिवाणी प्रक्रिया संहितेत १९७६ च्या दुरुस्तीपासून स्पष्ट आहे की ती लेखी आणि पक्षकारांच्या सहीची हवी. वकील तुमच्या वतीने सही करू शकतो का यावर कोर्टांनी बरंच लिहिलं आहे. १९९१ च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने तसा अधिकार मान्य केला. पण २०१५ साली हिमालयन को-ऑपरेटिव्ह ग्रुप हाउसिंग सोसायटीच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने बजावलं की अशिलाच्या स्पष्ट सूचनेशिवाय वकिलाने त्याच्या हक्कावर पाणी सोडणारी कबुली देऊ नये. वाटणीच्या दाव्यात हे फार लागतं. काका अर्ध्या रस्त्यात ‘रोडलगतचं तुम्ही घ्या, विहिरीकडचं आम्हाला’ असा प्रस्ताव आणतात आणि पुरसीस (कोर्टात द्यायचं लेखी निवेदन) दाखल करायची घाई होते. म्हणून वकीलपत्रावर पेनाने एक ओळ लिहा: ‘तडजोड, दावा मागे घेणे व रक्कम स्वीकारणे याकरिता तिन्ही वादींची वेगळी लेखी संमती आवश्यक राहील.’ खाली सही करा. कोणताही समंजस वकील याला हरकत घेणार नाही, उलट त्याचंच ओझं कमी होतं.

आता तो शब्द.

‘खालच्या कोर्टातील काम’ म्हणजे काय, हे वाटणीच्या दाव्यात कोणालाच एका वाक्यात सांगता येत नाही. बघा कसं. दिवाणी न्यायालय, वरिष्ठ स्तर इथे दावा दाखल होईल. दाखल होताच काकांनी जमीन विकू नये म्हणून तात्पुरत्या मनाई हुकुमाचा अर्ज द्यावा लागेल. त्या अर्जावर स्वतंत्र युक्तिवाद होतो, स्वतंत्र आदेश होतो. आदेश विरुद्ध गेला तर त्यावर जिल्हा न्यायालयात अपील, आणि तिथेही पटलं नाही तर उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात रिट. दावा मात्र मूळ कोर्टातच पडलेला असतो. मग मुद्दे निघतात, पुरावा होतो, उलटतपासणी होते, आणि प्राथमिक हुकूमनामा होतो: आईचा इतका, तुमचा इतका, बहिणीचा इतका हिस्सा. लोक पेढे वाटतात. जमीन मात्र अजून जागची हललेली नसते. शेतसारा लागणाऱ्या जमिनीचं प्रत्यक्ष वाटप संहितेच्या कलम ५४ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांमार्फत होतं. कागद तहसीलला जातात, भूमी अभिलेखची मोजणी लागते, सरस-निरस, म्हणजे कोणती जमीन चांगली, कोणती हलकी हे ठरतं, हरकती येतात. त्यानंतर ताबा आणि सातबाऱ्यावर फेरफार.

या साखळीतलं कुठपर्यंतचं काम ७५ हजारांत आहे? तुम्ही म्हणाल ताबा मिळेपर्यंत. वकील म्हणतील प्राथमिक हुकूमनाम्यापर्यंत. दोघंही प्रामाणिकपणे बोलत असाल. वकील आणि अशील यांच्यातली जी भांडणं मी जवळून पाहिली, त्यातली बहुतेक इथलीच होती. ‘फी जास्त घेतली’ ही तक्रार वरवरची असते. खाली उकरलं की ‘मला वाटलं तेही त्यातच आहे’ हे निघतं.

गंमत म्हणजे कायद्याने हा फरक स्वतःच करून ठेवला आहे. संहितेच्या आदेश ३, नियम ४ प्रमाणे कोर्टाच्या दृष्टीने वकीलपत्र त्या दाव्याची कार्यवाही संपेपर्यंत चालू राहतं. पुनर्विलोकनाचा अर्ज, नकलांचा अर्ज, इतकंच काय, अपीलही त्यासाठी दाव्याचाच भाग धरलं जातं. पण त्याच नियमात पुढे लिहिलं आहे की यामुळे वकील आणि अशील यांच्यात ठरलेली नेमणुकीची मुदत वाढते असं समजू नये. म्हणजे वकील किती काळासाठी नेमला, हे तुमच्या दोघांतल्या करारावर सोडलं आहे. तो करारच मोघम असेल तर मग वादाला जागा मोकळी.

तेव्हा त्या कलमाऐवजी असं काहीतरी लिहून घ्या: ‘ही फी दिवाणी न्यायालय, वरिष्ठ स्तर, नागपूर येथे दावा तयार करण्यापासून प्राथमिक हुकूमनाम्यापर्यंतच्या कामाची आहे. तात्पुरत्या मनाई हुकुमाचा अर्ज व त्यावरील युक्तिवाद यात समाविष्ट आहे. त्यावरील अपील वा रिट, जिल्हाधिकारी व भूमी अभिलेख यांच्याकडील वाटपाचे काम, आणि हुकूमनाम्यावरील अपील यात समाविष्ट नाही. त्यांची फी त्या वेळी लेखी ठरेल.’ वाटपाचं कामही याच फीत करायला ते तयार असतील तर तसं लिहा. काय धरलंय यापेक्षा काय धरलेलं नाही हे लिहिण्याचा आग्रह धरा. नवशिक्या वकिलालाही पहिलं सुचतं, दुसरं लिहायला थोडा विचार करावा लागतो आणि तोच विचार तुम्हाला हवा आहे.

फी टप्प्याने द्या. दाखल करताना काही, मनाई अर्जाच्या आदेशानंतर काही, पुरावा सुरू होताना काही, अखेरच्या युक्तिवादाच्या वेळी उरलेली. ‘परत नाही’ या कलमाची धारही त्यामुळे आपोआप जाते, कारण न झालेल्या कामाचे पैसे तुम्ही दिलेलेच नसतात. तसं पाहिलं तर ते कलम पूर्ण टिकणारं नाही. बार काउन्सिल ऑफ इंडियाचे नियम सांगतात की एकदा घेतलेलं काम वकिलाने पुरेशा कारणाशिवाय आणि वाजवी सूचना दिल्याशिवाय सोडू नये, आणि सोडलंच तर न कमावलेली फी परत करावी. तुम्हीच मध्येच वकील बदलला तर मात्र झालेल्या कामाचे पैसे मागण्याचा त्यांचा हक्क आहे. १९२६ चा कायदा वकिलाला फीसाठी दावा लावू देतो. त्याच कायद्यात हेही आहे की निष्काळजीपणाने अशिलाचं नुकसान झालं तर केवळ वकील आहे म्हणून तो जबाबदारीतून सुटत नाही.

काही ठिकाणी ठोक फीऐवजी पेशीप्रमाणे पैसे ठरतात. वाटणीच्या दाव्याला ते अशिलाने टाळावं असं माझं मत आहे. साहेब रजेवर, समन्स बजावलं नाही, समोरच्या वकिलांनी तारीख मागितली, अशा पेशींची भरती एवढी असते की तुम्ही तारखांचेच पैसे मोजत बसाल. पेशीवरच ठरवायचं असेल तर ज्या दिवशी प्रत्यक्ष कामकाज झालं त्याच दिवसाची फी, असं लिहा. कोणत्या दिवशी काय झालं हे ई-कोर्ट्सच्या ॲपवर सीएनआर क्रमांक (प्रत्येक दाव्याला मिळणारा स्वतंत्र क्रमांक) टाकून तुम्हालाही दिसतं. तो क्रमांक दावा दाखल झाल्यावर मागून घ्याच.

दहा टक्क्यांचं कलम खोडायचं. यात वाटाघाटीला जागाच नाही. निकालावर अवलंबून फी ठरवणं किंवा निकालातून मिळणाऱ्या मालमत्तेत हिस्सा घेणं भारतात वकिलाला मनाई आहे. बार काउन्सिलच्या आचारनियमांत हा नियम २० आहे. १९५४ सालीच सर्वोच्च न्यायालयाने एका ज्येष्ठ वकिलाच्या अशा कराराला व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं होतं. २०१७ साली बी. सुनीता यांच्या प्रकरणात, अपघाताच्या भरपाईतल्या टक्केवारीवर मागितलेल्या फीच्या चेकवरून वकिलांनी केलेली कलम १३८ ची (चेक न वटल्याची) तक्रार त्या न्यायालयाने रद्द केली. अमेरिकेत हे चालतं, त्यामुळे इंटरनेटवरचे नमुने उतरवणाऱ्यांच्या करारांतही हे शिरतं. आणि हो, करार पाचशेच्या स्टॅम्प पेपरवर करून नोटरी केला म्हणजे असं कलम कायदेशीर होतं, हा समज डोक्यातून काढा. स्टॅम्पने फक्त शुल्क भरल्याचं दिसतं.

तरीही एक बाजू मांडतो. अनेकदा ही टक्केवारी लोभापोटी येत नाही. अशील म्हणतो, ‘साहेब, आत्ता हातात काही नाही, जमीन सुटली की देतो.’ वकील त्यावर विश्वास ठेवून दहा वर्षं लढतो आणि जमीन सुटली की अशील फोन उचलत नाही. असे वकील मला माहीत आहेत. त्यावरचा कायदेशीर मार्ग म्हणजे रक्कम आजच ठरवून ती हप्त्याने घेणं. तुमची अडचण असेल तर तसं बोला. ऐपतच नसेल तर न्यायमंदिरातच जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे. स्त्रियांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, म्हणजे आई आणि बहीण दोघी पात्र आहेत. मालमत्तेच्या वादातल्या स्त्री पक्षकारांना कोर्ट फीत सवलत देणारी १९९४ ची राज्य सरकारची अधिसूचनाही आहे. ती तुमच्या दाव्याला कशी लागते, हे वकिलांना दावा तयार करतानाच विचारा.

कोरे चेक देऊ नका. टप्प्याच्या तारखेचा, रक्कम भरलेला चेक द्यायला हरकत नाही. कोऱ्या चेकची गरज का पडते, असं सरळ विचारलं तरी चालेल.

फाइल अडवून ठेवण्याचं कलमही तसंच. मध्य प्रदेशातल्या एका सहकारी बँकेच्या वकिलांनी फी मिळेपर्यंत फाइली दिल्या नव्हत्या. आर. डी. सक्सेना प्रकरण म्हणून तो निकाल वकिलांना पाठ आहे. २००० साली सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की फीच्या थकबाकीपोटी वकिलाला अशिलाच्या कागदांवर धारणाधिकार, म्हणजे ते अडवून ठेवण्याचा हक्क, नाही. फीसाठी इतर मार्ग आहेत, कागद द्यायलाच हवेत. हे माहीत असलं तरी भांडत बसण्यापेक्षा मूळ कागद घरीच ठेवणं शहाणपणाचं. जुनी खरेदीखतं, हक्कसोड, बक्षीसपत्र वगैरे मूळ प्रती कोर्टात हजर करायची वेळ आली की द्या, तोवर झेरॉक्सवर काम होतं. मूळ दिलंच तर काय दिलं त्याची यादी करून मुन्शीची किंवा ज्युनिअरची सही घ्या. सातबारा, फेरफार, वारसनोंद यांच्या नकला कितीही काढता येतात, त्याचं टेन्शन नको.

फी आणि खर्च एकाच आकड्यात कालवू नका. कोर्ट फी, वकीलपत्रावरची तिकिटं, टायपिंग, समन्सचा खर्च, वर्तमानपत्रातली नोटीस, कोर्ट कमिशनर, मोजणीची फी, हे सगळं खर्चात जातं आणि त्याचा हिशेब वकिलाने वेगळा ठेवावा असा नियम आहे. अशिलाने मागितल्यावर त्या हिशेबाची प्रत देणंही नियमातच आहे. तुम्ही यूपीआयने पैसे पाठवता तेव्हा शेरा टाका: ‘फी, पहिला टप्पा’ किंवा ‘कोर्ट फीसाठी’. एवढ्याने पुढची अर्धी कटकट वाचते. बिलावर जीएसटी दिसला तर विचारा. वकिलाने व्यक्तीला घरगुती दाव्यासाठी दिलेल्या सेवेवर तो लागत नाही.

कोण उभं राहणार, हेही लिहून घ्या. ओळख सिनिअरची असते, पेशीला ज्युनिअर येतो. त्यात गैर काही नाही, तारीख घ्यायला सिनिअरची गरजही नसते. पण तुमची उलटतपासणी, काकांची उलटतपासणी आणि अखेरचा युक्तिवाद कोण करणार, हे तीन प्रसंग नावानिशी ठरवा.

तुमच्याकडूनही काही अपेक्षा असतात. वडिलांनी हयातीत काही लिहून दिलं असेल, पूर्वी घरगुती वाटणीचा कागद झाला असेल, तर तो आजच दाखवा, काकांच्या लेखी जबाबातून वकिलांना कळायला नको. वकिलाला सांगितलेलं गुपित राहतं, भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम १३२ चं त्याला संरक्षण आहे. अपवाद बेकायदा हेतूने केलेल्या संभाषणाचा.

पुढे बिनसलंच तर? वकील बदलायचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. नवा वकील आधीच्याची ना हरकत मागेल. ती मिळाली नाही तर कारणं देऊन कोर्टाची परवानगी घेऊन तो उभा राहू शकतो, त्यामुळे ‘एनओसी देत नाही’ या धमकीत जेवढं वाटतं तेवढं बळ नाही. गैरवर्तनाची तक्रार ॲडव्होकेट्स ॲक्टच्या कलम ३५ खाली महाराष्ट्र व गोवा बार काउन्सिलकडे होते. ग्राहक मंचात मात्र आता जाता येत नाही. १४ मे २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने वकिलाची सेवा ग्राहक संरक्षण कायद्याच्या बाहेर असल्याचा निकाल दिला. जुने सल्ले अजून फिरतात, त्यावर जाऊ नका. म्हणजे सेवेतल्या कसुरीसाठी स्वस्त आणि झटपट रस्ता बंद झाला आहे, आणि म्हणूनच सुरुवातीचा करार नीट असण्याचं मोल वाढलं आहे.

संकोचाबद्दल एकच. करार घेऊन संध्याकाळी त्यांच्या ऑफिसात जा, दुपारी कोर्टात गाठू नका. तिथे पुकाऱ्याकडे कान असतो, नीट बोलणं होत नाही. म्हणा, ‘सर, आम्ही तिघं आहोत, पुढे आमच्यातच गैरसमज नको, म्हणून काही गोष्टी लिहून घेऊ.’ हे खोटंही नाही. वादी तिघं असल्याने फीची जबाबदारी तिघांची की तुमची एकट्याची, आणि वकिलांनी सूचना कोणाकडून घ्यायच्या, हेही करारात नसलं तर उद्या बहिणीचं आणि तुमचं जमिनीवरून वेगळं मत पडल्यावर वकील कोणाचं ऐकणार? तिघांपैकी दोघांच्या लेखी सूचनेवर रोजचं काम, आणि तडजोडीला तिघांचीही सही, असं ठरवता येईल. आईला मराठीत वाचून दाखवा. इंग्रजी मसुदा असेल तर मराठी मागा, मराठी मसुद्यावरच सही करा. दहा टक्के आणि फाइलचं कलम खोडून दोन्हीकडच्या लहान सह्या झाल्या, कामाची हद्द लिहिली गेली, तर हे वकील चालतील, ओळखीचा माणूस बरा असतोच. खोडायला नकार आला तर वकीलपत्रावर सही न करता कागद परत आणा. अजून दावा दाखल नाही, त्यामुळे दुसऱ्याकडे जायला कोणाच्या ना हरकतीची गरज पडणार नाही.